पिटमधल्या त्या अनोळखी मंडळींचे मनापासून आभार

पुण्याहून जवळपास १२०० किमी गाडी चालवत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर गेलो होतो, ३.७ किमीचा ट्रॅक, १२ वळणं, माझा पहिलाच ट्रॅक डे, म्हणजे आपलीच गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस. आणि दुसऱ्याच सेशनला ब्रेक पेडल एकदम मऊ पडून खाली जायला लागलं, पोटात गोळाच आला.

गाडी हळूहळू पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेत आणली तर शेजारच्या गाडीवाले काका स्वतःहून आले, पेडल दाबून बघितलं आणि म्हणाले ब्रेक फ्लुइड (ब्रेकमधलं लिक्विड) उकळलंय. जुनं ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं, डॉट ४ प्रकारचं फ्लुइड नवीन असताना २३० डिग्रीच्या वर टिकतं पण पाणी मुरलं की १५५ ला सुद्धा उकळू शकतं, मग वाफेचे बुडबुडे दबतात आणि ब्रेक लागतच नाही. मला हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं! त्यांनी स्वतःची नवी बाटली उघडली, एका पोराने पेडल मारलं, दुसऱ्याने चारही चाकांचं ब्लीडिंग केलं, म्हणजे जुनं फ्लुइड आणि बुडबुडे बाहेर काढले, पैसे कोणी घेतले नाहीत. तमिळ मला येत नाही, तरी काही अडलं नाही.

ट्रॅकवरच्या सुरक्षेसाठी भर उन्हात झेंडे घेऊन उभ्या असलेल्या मार्शल लोकांना पण खूप खूप थँक्यू. संध्याकाळचं सेशन पूर्ण करून मी धडधाकट घरी पोचलो ते तुमच्यामुळे.