गाणं देता यावं म्हणून

दादर, मुंबई

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. बँकेतून बिनपगारी रजा काढून गाण्यात एम.ए. करावं का, असं विचारलंयस. शिवाय बुवांकडे इतकी वर्षं तालीम घेतल्यावर वर्गात बसून आणखी काय पदरात पडणार, हेही. रजेचं तू घरच्यांशी बोलून ठरव. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला मनापासून लिहायचंय.

गाण्यासाठी मला माझ्या गुरू, ताई, आहेत. समोर बसून त्यांचा एक आलाप कानात साठवायचा आणि पुढचे कित्येक दिवस तो गळ्यात उतरवत राहायचं, याला पर्याय नाही. मी चर्चगेटला एम.ए.च्या वर्गाला जाते ती दुसऱ्याच कारणासाठी. माझ्या शिकवणीला येणाऱ्या एका मुलीनं विचारलं होतं, "भूपातही सा रे ग प ध आणि देशकारातही तेच, मग राग दोन कसे?" पुस्तकातलं उत्तर तिला पाठ होतं. भूप कल्याण थाटातला, म्हणजे त्या राग-गटातला, वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार (ग), रात्रीचा. देशकार बिलावल थाटातला, वादी धैवत (ध), सकाळचा. परीक्षेत तिला त्याचे गुणही मिळाले होते. तरी तिचा देशकार दोन मिनिटांत भूप व्हायचा. मी गाऊन दाखवलं की तिला फरक ऐकू यायचा, पण गळ्यातून निघायचा नाही.

हा प्रश्न मी इथे अध्यापनाच्या तासाला मांडला आणि आम्ही तो अक्षरशः सोलून काढला. देशकार उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात राहतो, धैवतावर थांबतो, रिषभाला फार जवळ करत नाही. मग सुरुवातच तार षड्जापासून, म्हणजे वरच्या सा पासून करायची: सां ध प, ग प ध प. काही दिवस गंधाराच्या खाली उतरायचंच नाही, आणि गंधारावर मुक्कामही करायचा नाही. ते पक्कं झालं की भूप मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या धैवतापासून उचलायचा, ध़ सा रे ग, आणि तिथे गंधारावर हवं तेवढं रेंगाळू द्यायचं. त्या मुलीला आता दोन्ही राग वेगळे लागतात. मला स्वतःला देशकार पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसायला लागलाय, हे ताईंनीच परवा सांगितलं.

आणखी एक अडचण तुलाही भेटेल. वर्गात मुलं काळी एक-दोनमध्ये, म्हणजे पेटीची पहिली-दुसरी काळी पट्टी सा धरून गाणारी, मुली काळी चार-पाचमध्ये, आणि तानपुरा एकच. मग अर्धा वर्ग परक्या पट्टीत घसा ताणतो. पंडित जसराजांच्या जसरंगी जुगलबंदीत गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग एकत्र गातात. त्यामागचं मूर्च्छनेचं, म्हणजे त्याच स्वरांतला दुसरा स्वर सा मानण्याचं तत्त्व इथे कामाला येतं. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. मुलांनी काळी एकमध्ये भूप म्हटला, तर काळी चारला षड्ज मानणाऱ्या मुलींसाठी त्याच स्वरांचा दुर्गा राग होतो. पेटीवर वाजवून बघ. मी ते पहिल्यांदा वर्गात करून घेतलं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते!

वर्गात गवई घडत नाहीत, असं बुवा म्हणतात, हे तू लिहिलंयस. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, मला ते पटत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आले. वाळकेश्वरच्या भातखंड्यांनी वकिली सोडून घराण्याघराण्यांतल्या चिजा, म्हणजे बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत लिहिल्या, छापून सगळ्यांसाठी खुल्या केल्या. पलुस्करांचे शिष्य देवधर मास्तर यांचं ऑपेरा हाऊसजवळ गायनाचं विद्यालय होतं. कुमार गंधर्व लहानपणी तिथेच शिकले आणि विशीच्या आत तिथेच शिकवायलाही लागले. गायिका प्रभाताई अत्रे एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागप्रमुख होत्या आणि मैफलीही गाजवत होत्या. शिकवतो तो गाण्यात कमी पडलेला, ही समजूत मला सहनच होत नाही.

आता व्यवहाराचं. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के आणि त्यावर नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा. नेटचे दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण; चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत कलाकारांसाठी दुसरीही वाट आहे: त्या विषयातली पदवी, नामवंत गुरूंकडची तालीम, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'अ' श्रेणी आणि विषय सोदाहरण समजावून देण्याची ताकद. कायम जागा मात्र कमी निघतात. तासिका तत्त्वावर काम करणारे चांगले गायक मी रोज बघते, त्यांचा महिन्याचा हिशेब सोपा नसतो. नोकरीच्या भरवशावर ही पदवी घेऊ नकोस. तुला गाणं दुसऱ्याच्या गळ्यात पोचवायचं असेल, आणि तुझ्या शनिवारच्या मुलांबद्दल तू ज्या जिव्हाळ्यानं लिहितेस त्यावरून ते तुला हवंय असंच मला वाटतं, तर जरूर ये.

आवाजाची काळजी आतापासून घे. दिवसभर काउंटरवर बोलायचं आणि रात्री तार सप्तकाचा रियाज करायचा, हे थांबव. सकाळी खर्ज, म्हणजे खालचे स्वर लाव. प्रवेशाच्या प्रात्यक्षिकासाठी एकाच रागात विलंबित आणि द्रुत नीट बांधून ठेव. चार अर्धवट रागांपेक्षा ते बरं. ताल हातावर धरून म्हणायची सवय असू दे, दुगुन-चौगुन, म्हणजे दुप्पट-चौपट लयीसकट. संगीत विशारद परीक्षेचं प्रमाणपत्र आणि पदवीच्या मूळ गुणपत्रिका एकत्र काढून ठेव, आणि त्या विद्यापीठात काय चालतं ते तिथल्या कार्यालयातूनच विचारून घे.

राहायला माझ्याकडेच यायचं, यावर वाद नको. बुवांनी तुला देशकारातली कुठली चीज दिली असेल, तर तेवढी स्वरलेखनासह लगेच पाठव. पुढच्या आठवड्यात वर्गाला मला ती हवीये.

तुझीच,
शमा