‘ब्लीडिंग किती?’ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, महाराष्ट्र राज्य

महोदय,

एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांत काढली, त्यातली बहुतेक प्रसूतिकक्षात. आता निवृत्त आहे, त्यामुळे ‘योग्य मार्गाने’ अर्ज करायची गरज उरलेली नाही.

एका उपजिल्हा रुग्णालयातली रात्र सांगते. बाई मोकळी झाली, बाळ रडलं, वारही पडली, पण रक्त थांबेना. डॉक्टर क्वार्टरवर होते. फोन केला, ‘सर, ब्लीडिंग जास्त वाटतंय.’ ‘किती?’ ‘बरंच आहे.’ ‘मसाज चालू ठेवा, अर्ध्या तासाने सांगा.’

त्यांचा प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. भिजलेल्या कापडावरून काय सांगणार?

नंतर कळलं ते असं. रक्त थांबवायचं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन, २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं आणि फ्रिज दोन दिवस बिघडलेला होता, हे औषधनिर्मात्याला माहीत होतं. तिच्या गटाची एकच रक्तपिशवी शिल्लक होती, हे लॅबच्या तंत्रज्ञाला. तिचं हिमोग्लोबिन ७ होतं, म्हणजे फारच कमी, हे गावच्या आशाताईला. रक्त मी बघत होते. आणि निर्णय ज्यांनी घ्यायचा, त्या डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. १०८ने तिला जिल्ह्याला नेलं. वाचली, पण गर्भपिशवी काढावी लागली. तेवीस वर्षांची होती.

मग चौकशी. एकेकाला आत बोलावून. मला कारणे दाखवा नोटीस आली. आम्ही पाचही जण एका टेबलाशी कधी बसलोच नाही.

साहेब, डोळ्यांनी केलेला रक्ताचा अंदाज बहुतेक वेळा कमीच भरतो. यावरचा एक उपाय आपल्या शेजारी, बेळगावात तपासला गेला होता: बाळंतिणीखाली लावायची, खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी. रक्त किती गेलं ते त्यावर वाचता येतं. याच पिशवीने रक्त मोजून त्याच भागात १,६२० बायकांवर अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणं एएनएम ताई, म्हणजे गावपातळीवरच्या नर्स, करत होत्या; रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्याही त्यांनीच दिल्या. खोटी गोळी मिळालेल्यांत जास्त रक्तस्राव १२ टक्के, खरी मिळालेल्यांत ६.४.

पुढे केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णालयांत अशीच पिशवी वापरली. रक्त खुणेपर्यंत आलं की मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (हेही रक्त थांबवायचं औषध), सलाइन आणि तपासणी, सगळं लगोलग. ‘एक करून बघू, मग दुसरं’ असं नाही. २०२३ साली निकाल आले: जबर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं आणि त्यातून मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी.

माझ्या मते पिशवीचा मोठा फायदा वेगळाच आहे. फोनवर सिस्टर ‘५०० मिली’ म्हणाली की डॉक्टरला ‘थोडं थांबा’ म्हणता येत नाही. कनिष्ठ माणसाचं ‘मला वाटतं’ दवाखान्यात फार स्वस्त असतं. आकडा कुणी सांगितला याने त्याची किंमत बदलत नाही.

म्हणून प्रत्येक प्रसूतिकक्षात ही पिशवी द्या. तेवढ्यावर थांबू मात्र नका. उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांच्या अभ्यासात निम्म्या केंद्रांत सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट आणली होती, शिकवायला माणसंही नेमली होती. काम करायची पद्धत सुधारली, पण मृत्यू कमी झाले नाहीत, असं २०१७ साली दिसलं. भिंतीवर कागद चिकटवण्यात आपला विभाग तसाही पटाईत आहे.

खूण गाठली की उपचार सुरू करायचा अधिकार ड्युटीवरच्या सिस्टरला लेखी द्या, आणि तो वापरला म्हणून तिला नोटीस येणार नाही हेही त्याच कागदावर लिहा. पाळी बदलताना डॉक्टर, सिस्टर, फार्मसी आणि लॅब यांनी दहा मिनिटं उभ्याने बोलावं: रक्त किती, फ्रिज चालू की बंद, जोखमीची बाई कोण. रिकाम्या पदांचं मी सांगत नाही, ते आपल्याला पाठ असेल.

आणि एखादी बाई दगावली किंवा मरता मरता वाचली, तर त्या रात्रीची सगळी माणसं एकत्र बसवा. आशाताईला आणि १०८च्या चालकालाही खुर्ची द्या. अशी पहिली बैठक कुठे ठरली तर कळवा. मी एसटीने येईन, स्वखर्चाने.

आपली,
एक निवृत्त परिसेविका