काडी पोरांच्या हातात

मुंबई, रविवार रात्र

प्रिय विन्या,

फोनवर तू घाईत होतास, म्हणून कार्यशाळेचं सविस्तर आता लिहितो.

राणीबागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय आठवतं ना? १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं, बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती. तिथे कुटुंबांसाठी वारली चित्रांची कार्यशाळा होती. आई, ईरा आणि मी गेलो. शिकवायला डहाणूकडचे एक चित्रकार आले होते. बोलणं मोजकंच. बांबूच्या काडीचं टोक त्यांनी दातांनी चावून कुंचल्यासारखं केलं आणि बजावलं, ‘काडी पोरांच्या हातात. मोठ्यांनी फक्त कागद धरायचा.’

झालं! आईबापांची काय चुळबुळ सुरू झाली म्हणून सांगू! शेजारचे एक गृहस्थ तर मुलाच्या कानाशी सारखे, ‘अरे, तिरकं गेलं, सरळ काढ!’ चित्रकारांनी ते ऐकलं. गेरूच्या कागदावर पांढऱ्या रंगात टोकाला टोक लावून दोन त्रिकोण काढले. माणूस उभा राहिला. शेजारी तेच पुन्हा, फक्त वरचा त्रिकोण कलता. तो माणूस चक्क नाचायला लागला रे! ‘तिरका आहे म्हणून तर नाचतोय,’ एवढंच बोलून पुढच्या टेबलाकडे गेले. त्या गृहस्थांनी मुकाट्याने कागद धरला.

आईला लग्नाच्या चौकाबद्दल विचारायचं होतं. भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघाट देवीचा चौक काढायचा मान सवाशिणींचा, हे त्यांनी सांगितलं. मग जिव्या सोमा म्हशांचा विषय निघाला. १९७० च्या दशकात त्यांनी ही चित्रं लग्नविधीबाहेर, कागदावर आणली. २०११ साली पद्मश्री मिळाली. आई पटकन म्हणाली, ‘बाया इतकी वर्षं काढत होत्या, त्यांना नाही कुणी दिली!’ चित्रकार मनापासून हसले. मला विचारशील तर आईचा मुद्दा बिनतोड होता.

ईराने तारपा वाद्याभोवतीचा नाच सोडून विरार लोकल काढली. दाराला लोंबकळणारे सगळे त्रिकोण, सगळे कललेले. वेळ मात्र कमी पडला, गाडीचे डबे भरायचे राहिलेच.

पुढची कार्यशाळा लागली की कळवतो. पोरांना घेऊन ठाण्याहून सकाळची गाडी पकड. बुधवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं टाळ. आणि वहिनींना आत्ताच सांगून ठेव, कागद धरायचा.

तुझा,
सुन्या