समोरच्या टॉवरचा रंग

लंडन, रविवार रात्र

ती. आण्णांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचा आणि तात्यांचा वाद आईने फोनवर सांगितला. मिलच्या जागेवर उठतोय त्या टॉवरची काच खाली हिरवट आणि वर निळसर दिसते. तात्यांच्या मते पैसे संपत आले म्हणून बिल्डरने मधेच माल बदलला. तुमच्या मते काच एकच, तात्यांना मोतीबिंदू झालाय. आणि पैज वडापावची! निवाडा माझ्याकडे आलाय, तर ऐका. मी समोर उभा नाही, आईने पाठवलेल्या तीन फोटोंवर बोलतोय.

काच बहुधा एकच असावी. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्याने हिरवी झाक येते. टेबलावरच्या काचेची कड बघा, हिरवीगार दिसेल. टॉवरच्या काचेवर उन्हाची धग अडवायला धातूचा, बरेचदा चांदीचा, अतिशय पातळ थर असतो, त्याचाही रंगावर परिणाम होतो. पण खरा खेळ काचेत काय आहे याचा नाही, तिच्यासमोर काय आहे आणि मागे काय आहे याचा. साध्या काचेकडे नाकासमोर पाहिलं तर शंभरातला जेमतेम आठ भाग उजेड परत येतो. जितकं तिरकं पाहाल तितका तिचा आरसा होत जातो. गॅलरीतून खालचे मजले तुम्हाला जवळजवळ समोरून दिसतात, त्यात आपली कौलं आणि समोरचं झाड. वरचे मजले मान वर करून, तिरके दिसतात. त्यात नुसतं आभाळ.

शिवाय काम अर्धवट आहे. खाली काच लागते तेव्हा वर अजून स्लॅब पडत असतात. खालच्या मजल्यांना आतून सीलिंग आणि भिंती झाल्या की काचेमागे अंधार बसतो. वरचे मजले रिकामे, आरपार. आपली गॅलरी पूर्वेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य टॉवरच्या पाठीमागे असतो आणि त्याचा उजेड रिकाम्या मजल्यांतून गाळून तुमच्यापर्यंत येतो. संध्याकाळी तीच भिंत तांब्यासारखी पेटलेली दिसत असेल. त्यात साइटची धूळ आणि काचेवरून ओघळलेलं सिमेंटचं पाणी. पहिल्या धुण्याआधी कुठल्याच इमारतीच्या रंगावर मी मत देत नाही.

इथे शार्ड नावाची ३१० मीटर उंच इमारत आहे, बाहेरून २०१२ मध्ये पूर्ण झाली. तिचा आर्किटेक्ट रेन्झो पियानो, त्याने तिच्यासाठी मुद्दाम कमी लोहाची, पांढरी काच घेतली आणि भिंती आतल्या बाजूला कलत्या ठेवल्या, म्हणजे त्यांनी आभाळ झेलावं. मळभ असलं की तिचं टोक ढगात विरघळतं. लंडनला हे छान जमतं, आभाळच राखाडी. आपल्याकडे मे महिन्यातल्या उन्हात तीच काच डोळ्यांत खुपली असती.

मिलमधल्या तुमच्या साळखात्याचं, त्या विणकामाच्या शेडचं, छप्पर आठवतं? करवतीच्या दात्यांसारखं, काचा सगळ्या उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट मागावर पडू नये आणि दिवसभर उजेड सारखा राहावा. कापडाचा रंग पारखायचा तर उत्तरेच्या उजेडात, हे तुम्ही मला दहा वर्षांचा असताना शिकवलं होतं. आमच्याकडे काच पसंत करताना नमुन्याचं अख्खं पॅनेल उघड्यावर उभं करतात, उन्हात बघतात, ढगात बघतात. मोठमोठे साहेब गोल उभे राहतात आणि मला दर वेळी तुम्ही दिसता, कापडाचा तुकडा हातात धरून.

पण तात्यांना अगदीच उडवून लावू नका. आमच्या साइटवर गेल्या वर्षी एक पॅनेल दुसऱ्या खेपेतलं आलं. समोरून काही कळेना. संध्याकाळी रस्त्याच्या टोकावरून तिरकं पाहिलं, तर शेजारच्यांपेक्षा गुलाबी. दोन दिवस वाद, मग उतरवलं. तो खर्च कोणाच्या माथी, हा वाद अजून चालू आहे.

तर पैजेचा नियम असा. हिरवं संपून निळं सुरू होतं तो मजला आज मोजून ठेवा. महिन्याने, साधारण त्याच वेळी आणि तसंच आभाळ असताना, पुन्हा मोजा. आतलं काम वर चढेल तशी रेघही वर सरकली, तर वडापाव तुमचा. त्याच मजल्यावर अडून बसली, तर तात्यांचा, आणि मोतीबिंदूबद्दल तुम्ही त्यांची माफी मागायची. मोजणी आईने करायची, तुम्हा दोघांवर माझा भरवसा नाही.

आईच्या गुडघ्याला तेल लावताय ना? पैसे सोमवारी पाठवतो.

तुमचा,
बाळू