अण्णा, सिग्नल पिवळा होता

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
रविवार सकाळ

ती. अण्णा आणि आई,
सा. न.

दादाला सांगितलंय की हे मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, कारण मोबाइलवर अण्णा वाचणार नाहीत आणि आई दोन ओळी वाचून तिसऱ्या ओळीला मला फोन लावेल. आधी महत्त्वाचं, गाडीच्या अपघातानंतर मी आता एकदम ठीक आहे. खांद्यावर सीट बेल्टच्या पट्ट्याचा वळ उठला होता तोही गेला, एक्स-रे साफ आहे, ऑफिस चालू आहे, जेवण नीट चालू आहे. आई, मी व्हिडिओवर वाळलेली दिसले म्हणतेस तो कॅमेऱ्याचा दोष, मागच्या महिन्यात दीड किलो वाढलंय वजन.

आणि आई परत एकदा सांगते, अपघात झाला तेव्हा मी तुझ्याशी बोलत नव्हते. फोन ठेवून चांगली दहा मिनिटं झाली होती. स्थळावरून आपली थोडी वादावादी झाली ती वेगळी आणि हे वेगळं, तू उगीच स्वतःला लावून घेऊ नकोस.

पत्राचं खरं कारण अण्णा आहेत. त्या दिवशी फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, चूक कुणाची? मी म्हटलं समोरच्या गाडीवाल्याची, त्याला सिग्नल लाल होता. तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुमचं ते बरं मला माहितीये, प्रगतीपुस्तकावर सही करताना पण तसंच म्हणायचात. आता बत्तीस वर्षं ज्यानं कराड चिपळूण गाडी कुंभार्ली घाटातून भर पावसात नेली आणि विनाअपघात सेवेचा बिल्ला घेऊन रिटायर झाला त्याला मी काय गाडी शिकवणार, पण शुक्रवारी इन्शुरन्सवाल्यांचा निकाल आला म्हणून सगळं नीट लिहिते.

तुम्ही दादाला म्हणालात म्हणे की डावीकडे वळताना कसला अपघात होतो, डावं वळण तर फुकटचं. बरोबर आहे, पण ते आपल्याकडे. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, त्यामुळे आपलं जे उजवं वळण ते इथलं डावं. म्हणजे दत्त चौकात उजवीकडे वळायचं तर समोरून येणाऱ्या सगळ्यांना आडवं जावं लागतं ना, तसं. आपण तिथे काय करतो, हळूहळू गाडीचं नाक घालत जातो, समोरचा दोन शिव्या देतो आणि थांबतो, की झालं वळण. इथे नाक घालायची पद्धतच नाही. हिरवा बाण लागला असेल तर राजासारखं वळायचं, समोरच्यांना लाल असतो. पण काही चौकात बाणच नसतो, नुसता गोल हिरवा, आणि तोच गोल हिरवा समोरच्यांनाही असतो. मग करायचं काय तर चौकाच्या मध्यापर्यंत पुढे जायचं, चाकं सरळ ठेवायची (वळवून ठेवली आणि मागून कुणी ठोकलं तर आपण थेट समोरच्यांच्या पुढ्यात जातो, हे मला शिकवणाऱ्या बाईंनी चार वेळा सांगितलं होतं), आणि तिथे भर चौकात गप उभं राहायचं. हॉर्न नाही, काही नाही. मागचेही गप्प. समोर खंड पडला तर वळायचं, नाही पडला तर पिवळा व्हायची वाट बघायची, समोरचे थांबले की सटकायचं. एका सिग्नलला एक नाहीतर दोन गाड्या सुटतात, बाकीचे पुढच्या सिग्नलला. पहिल्या वर्षी मला वाटायचं हे लोक वेडे आहेत, एवढी शिस्त लावतात आणि मग आपल्याला मधोमध उभं करून ठेवतात. अजूनही थोडं तसंच वाटतं.

आणि दुसरं म्हणजे डिपर. आपल्याकडे डिपर मारला म्हणजे मी येतोय, तू थांब. इथे बऱ्याचदा उलट, डिपर मारला किंवा हात हलवला म्हणजे या, तुम्ही जा. गोड वाटतं पहिल्यांदा. मी आता कुणाच्या हाताकडे बघत नाही.

तर झालं असं की ऑफिसमधून येताना मी अशीच मध्ये उभी होते. पिवळा झाला. समोर दोन लेन, त्यातल्या माझ्या जवळच्या लेनमधली गाडी थांबली आणि आतल्या बाईंनी हात केला, जा म्हणून. मी वळले. पलीकडच्या लेनमधून एक मोठी काळी गाडी आली ती सरळ माझ्या उजव्या बाजूला, पुढच्या दाराच्या थोडी अलीकडे. त्या बाईंच्या गाडीआडून मला ती दिसलीच नाही.

पोलीस आले नाहीत. आई, मला चौकीवर न्यायचा प्रश्नच नव्हता. कुणाला लागलं नव्हतं, त्यांनी फोनवरच सांगितलं की एकमेकांची लायसन्स आणि इन्शुरन्सची माहिती घ्या, फोटो काढा आणि गाड्या बाजूला घ्या. जमाव पण नाही, कुणी कॉलर धरली नाही. तो माणूस साठीचा होता, त्यानेच मला पाणी दिलं आणि मी वेड्यासारखी सॉरी सॉरी करत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या मैत्रिणीनं त्यावरून मला झापलं. इथे त्यालाही कायदा आहे बघा, तुम्हाला त्रास झाला त्याचं वाईट वाटतं असलं सॉरी चालतं, ते कबुली म्हणून तुमच्यावर उलटवता येत नाही, पण "माझी चूक झाली" म्हणालात तर ते धरतात. आता आपल्या तोंडून एका दमात दोन्ही निघतं त्याला काय करणार. मग दहा दिवसांच्या आत आरटीओला, म्हणजे इथल्या डीएमव्हीला, एक फॉर्म भरून पाठवायचा, नुकसान १,००० डॉलरच्या वर असेल तर दोघांनीही, चूक कुणाचीही असो. तो भरला.

आता चूक.

अण्णा, त्याला लाल नव्हता. मी खोटं बोलले नाही, मला खरंच लालच आठवत होता, आईशप्पथ. पण माझ्या गाडीत पुढे कॅमेरा आहे (तुम्हीच म्हणाला होतात बसव म्हणून) आणि त्यात स्वच्छ दिसतं, तो चौकात शिरला तेव्हा पिवळा होता. इथे सिग्नल चौकाच्या पलीकडच्या टोकाला असतात म्हणून मध्ये उभं असताना मला दिसत होता तो, आणि त्याला आणि मला दिवा एकाच वेळी बदलतो. आणि कॅलिफोर्नियात पिवळ्यात चौकात शिरणं गुन्हा नाही, पिवळा म्हणजे आता लाल होणार एवढी फक्त सूचना. तो व्हिडिओ मी तीन रात्री बघितला. मैत्रीण म्हणाली अजून कुणी मागितला नाहीये तर कशाला देतेस. मी दिला.

इथल्या वाहन कायद्यात २१८०१ नंबरचं कलम आहे, डावीकडे वळणाऱ्यानं समोरून जवळ आलेल्या सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं, वळणं सुरक्षित होईपर्यंत. सगळ्यांना, म्हणजे एका बाईंनी हात केला म्हणून दुसऱ्या लेनवाल्याचा हक्क जात नाही. तुमच्या घाटातल्या नियमासारखंच, चढणाऱ्याला वाट द्यायची म्हणजे द्यायची, का ते विचारायचं नाही. त्यामुळे अशा अपघातात सुरुवातच इथून होते की चूक वळणाऱ्याची, आणि नाही हे वळणाऱ्यानं दाखवून द्यायचं. पहिल्या पत्रात इन्शुरन्सवाल्यांनी माझ्यावर शंभर टक्के चूक टाकली होती.

व्हिडिओनंतर ७०-३०. माझी सत्तर, त्याची तीस. कारण तिथे मर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे आपले ५६ किलोमीटर, आणि व्हिडिओवरून त्यांनी हिशोब काढला तर तो ऐंशी किलोमीटरच्या आसपास होता. पिवळा बघून त्यानं पाय दाबला. त्याचा हक्क होता जायचा, पण हक्क आहे म्हणून डोळे मिटून जायचा नव्हता. तुम्ही नव्या ड्रायव्हरांना सांगायचात ना, समोरचा चुकणार हे धरूनच गाडी हाकायची, तेच इथले लोक इंग्रजीत पानभर लिहितात.

ही टक्क्यांची भानगड कुठून आली ते शोधलं मी, झोप येत नव्हती म्हणून. १९६८ सालची गोष्ट, लॉस एंजेलिसमधला अल्वाराडो नावाचा रस्ता, रात्री नऊची वेळ. एक बाई आपल्या ओल्ड्समोबील गाडीतून पेट्रोल पंपात जायला डावीकडे वळत होती, समोरच्या तीन लेन आडव्या ओलांडून. तेवढ्यात चढावरून एक टॅक्सी आली, पिवळ्यात चौक ओलांडून, ताशी ३० मैलांनी, आणि तिच्या गाडीच्या मागच्या उजव्या बाजूला बसली. कोर्ट म्हणालं टॅक्सीवाल्याचा वेग धोक्याचा होता हे खरं, पण बाईचीही चूक आहे, म्हणून बाईला काहीच मिळणार नाही. तेव्हा कायदाच तसा होता, तुमची थोडी जरी चूक असली तरी हात हलवत घरी. ती बाई वर गेली (म्हणजे वरच्या कोर्टात, आई), आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं तो कायदाच बदलला, ज्याची जेवढी चूक त्यानं तेवढं भरायचं. ली विरुद्ध येलो कॅब म्हणतात त्या केसला, वकिलीच्या पोरांना शिकवतात. डावं वळण, पिवळा दिवा आणि एक बाई. वाचताना मला काय वाटलं असेल बघा. तिच्यामुळे मला तीस टक्के मिळाले.

हिशोब लिहिते म्हणजे काळजी राहणार नाही. गाडीचं काम ६,२०० डॉलर, ते इन्शुरन्सनं केलं, माझ्या खिशातले पहिले १,००० गेले आणि त्यातले ३०० परत येतील. त्याच्या गाडीचं नुकसान ९,०००, त्यातले सत्तर टक्के माझी कंपनी देईल, मी नाही. समोरच्याच्या गाडीसाठी कायद्यानं लागणारा कमीत कमी विमा १ जानेवारी २०२५ पासून १५,००० डॉलरचा झालाय, आधी फक्त ५,००० चा होता, म्हणजे बघा. पण चूक ५१ टक्के किंवा जास्त असेल तर अपघात तुमच्या नावावर मांडतात, त्यामुळे माझा हप्ता वाढणार, किती ते पुढच्या महिन्यात कळेल.

आता मी डावीकडे वळायचं टाळतेच. घरी येताना एक चौक पुढे जाऊन तीनदा उजवीकडे वळते, चार मिनिटं जास्त लागतात. हसू नका, युपीएस नावाची एवढी मोठी पार्सल कंपनी पण आपल्या गाड्यांना शक्यतो डावीकडे वळवत नाही, रस्तेच तसे आखते.

पैशाचं सांगायचं राहत होतं. वरच्या स्लॅबला मी दिवाळीपर्यंत तीन लाख म्हटलं होतं. आत्ता दीड पाठवतेय, दादाच्या खात्यावर येतील मंगळवारपर्यंत. उरलेले संक्रांतीला, नक्की. गवंड्याला अडकवून ठेवू नका, सळई आधी घेऊन टाका, भाव वाढतील. आणि अण्णा, "आम्ही बघतो काहीतरी" म्हणून सोसायटीचं कर्ज काढू नका प्लीज, मला दादाकडून कळतंच. मे महिन्यात यायचं पण यावेळी कठीण दिसतंय, व्हिसाचं काम आहे, तिकिटाचं तर आहेच. आबांच्या पंचाहत्तरीला मी नसणार हे तुम्हीच त्यांना सांगा, माझ्याच्यानं होत नाही.

आणि आई, तुझ्या त्या सांगलीच्या मुलाशी बोलले मी, डॅलसच्या. आधीच सांगते, लगेच पंचांग काढू नकोस. अपघाताचं सांगितलं तर जेवलीस का, लागलं का काही नाही, टेक्सासमध्ये चूक पन्नास टक्क्यांच्या वर गेली की काहीच मिळत नाही, तू नशीबवान, असं म्हणाला. मी चिडून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं मेसेज करून विचारलं की रात्री गाडी चालवायला भीती वाटते का आता. वाटते म्हटलं. मग तासभर बोललो. बास, एवढंच आहे, काकूला अजून काही सांगू नकोस.

अण्णा, व्हिडिओ दादाच्या फोनवर टाकलाय. इन्शुरन्सवाल्यांचं झालं, पण तुम्ही एकदा बघा आणि सत्तर बरोबर आहे का सांगा. शंभर म्हणालात तरी चालेल.

गोळ्या वेळेवर घ्या दोघंही.

तुमची,
मनू

ता. क. दादा, हे तुला. व्हिडिओत चौदाव्या सेकंदाला मी "आई गं" म्हणून ओरडलेय. आईला दाखवताना आवाज बंद कर.