गायरानाला पडीक लिहू नकोस

बीड

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी बालाघाटाच्या उतारावरचं 500 हेक्टरचं पाणलोट घेतलंस, हे फार बरं झालं. जमिनीचा वापर गटनंबर बघून कळत नाही. सातबाऱ्याच्या हद्दी माणसानं आखल्या. पाणी, माती आणि चरणारी गुरं त्या पाळत नाहीत. म्हणून माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालत ये आणि वर केलेला बदल खाली कुठं उमटतो ते बघत जा.

आधी पाण्याचा हिशोब मांड. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी 10 घनमीटर पाणी. 700 मिलिमीटर झाला तर तुझ्या 500 हेक्टरांवर 35 लाख घनमीटर पडतं. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात त्यातलं जमिनीत मुरतं ते दहा टक्क्यांच्या आगेमागे, म्हणजे साडेतीन लाख. बाकीचं वाफेनं, पिकातून आणि ओढ्यानं जातं. आता ऊस बघ. मोकाट पाणी दिलं तर हेक्टरी 20 हजार घनमीटर धर. त्यातलं 7 हजार पावसानं दिलं आणि थेंबही वाया गेला नाही असं मानलं, तरी 13 हजार विहिरीतून उपसावं लागतं. म्हणजे सगळ्या पाणलोटाचा वर्षाचा पाझर 27 हेक्टर उसात संपला! ज्वारीला, गुरांना, प्यायला काही उरलं नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याला पावसाची तूट कारण होती, तसा हा हिशोबही होता.

मग मातीचे खड्डे घे. माथ्यावर, मध्यावर आणि खालच्या सखल लवणात, तिन्ही ठिकाणी मुरूम लागेपर्यंत. वर वीतभर माती आणि खाली बरड, मधे गुडघाभर, लवणात मीटर-दीड मीटर काळी, असा क्रम बहुधा दिसेल. लवणातली काळी बरीचशी वरूनच उतरलेली असते. त्यामुळे माथा उघडा पडला की लवणातल्या शेतकऱ्याला आधी चार वर्षं गाळ मिळाल्याचा आनंद होतो आणि पुढं, वर पाणी मुरेनासं झाल्यानं, त्याचीच विहीर लवकर तळ दाखवते.

पाणी मुरण्याचा वेग मोजताना बहुतेकांची चूक होते. जमिनीत ठोकायच्या दोन गोल कड्या लागतात, आतली 30 आणि बाहेरची 60 सेंटिमीटर व्यासाची. दोन्हीत पाणी एकाच उंचीवर ठेव, नाहीतर आतलं पाणी आडवं पसरतं आणि आकडा फुगतो. आणि हे काम मे महिन्यात काळ्या रानात करू नकोस. तेव्हा जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा असतात, पाणी त्यातून सरळ खाली जातं. वेग भरमसाट येतो. जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि ताशी जेमतेम काही मिलिमीटर मुरतं. जोराच्या पावसात माती वाहते ती तेव्हा. दोन्ही हंगामांत मोज, आणि भारी जमिनीत आकडा स्थिर व्हायला काही तास लागतात, तेवढा धीर धर.

विहिरींची पातळी ऑक्टोबरात आणि मे महिन्यात घे. सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आधी. कठड्याच्या एकाच खुणेपासून टेप सोड आणि कठड्याची उंची वजा कर. ओढा खोल केलेला असेल तिथं जरा थांब. मुरमाखालचा पोकळ, पाझरणारा थर कापला गेला असेल, तर शेजारच्या विहिरींचं पाणी ओढ्यात उतरतं. कातळापर्यंत नेला असेल तर पाणी नुसतं साठून उन्हात आटतं. काठोकाठ भरलेला ओढा बघून काम चांगलं झालं असं लिहू नकोस, मे महिन्यातली विहीर बघ.

गायरानाबद्दल मात्र मला तुझ्याकडून फार अपेक्षा आहे. कागदोपत्री ते पडीक असतं, म्हणून आधी तिथंच खड्डे खणून गिरिपुष्पाची झाडं लावतात. वीतभर मातीवर हजारो वर्षांत जे टिकलं ते गवत आहे, आणि ती पूर्ण परिसंस्था आहे. लाल कंधारी आणि देवणी गुरं, उस्मानाबादी शेळी, काळवीट, लांडगा, सगळे त्यावर जगतात. मुळांची जाळी माती धरून ठेवते; सरसकट चर खणले की ती तुटते. सप्टेंबरअखेर, गवत फुलोऱ्यात असताना जा, तेव्हाच जात ओळखता येते. एक मीटर बाय एक मीटरची चौकट किमान 20 ठिकाणी टाक. जागा आधी नकाशावर ठरव, नाहीतर पाय आपसूक हिरव्या तुकड्याकडे वळतात. प्रत्येक चौकटीतलं गवत जातवार कापून, वाळवून तोल. मारवेल, म्हणजे गुरं आवडीनं खातात ते गवत, भरपूर असेल तर रान चांगलं. टोकदार कुसळांचं कुसळी गवत वाढलं असेल तर चराई जास्त झाली किंवा वणवे लागतात, आणि तरोट्याचं तण पसरलं असेल तर गुरांना खाण्याजोगं फार थोडं उरलं. उपाय झाडं लावण्याचा नाही, आलटून पालटून चराईबंदीचा. तो गुराख्यांना विचारूनच ठरव. कोणत्या महिन्यात गुरं कुठं नेतात हे त्यांना ठाऊक असतं.

उपग्रहाची चित्रं वापर, पण एकट्या एप्रिलच्या चित्रावर भरवसा नको. त्यात काढलेली ज्वारी, वाळलेलं गवत आणि खरी नापीक जमीन एकसारखीच दिसतात. ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल अशी तीन चित्रं लाव. सातबाऱ्यावरचा पोटखराबा, म्हणजे लागवडीखाली न धरलेला भागही बघ. त्याच्या वर्ग ब मधे ओढे आणि रस्ते असतात, ते जागेवर उरलेत का हे तपासण्यासारखं आहे.

गायरानात जाताना गुडघ्यापर्यंतचे बूट घाल, कुसळं मोज्यातून आत शिरतात. आणि दगडी बांधावर हात टेकण्याआधी काठी आपट. मुरमाड उतारावर फुरसं हा विषारी साप असतो.

तुझी,
आई