अनवाणी धावण्याचा सल्ला अर्धाच दिला जातो

संपादक महोदय,

मॅरेथॉनचा हंगाम जवळ आला किंवा पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मैदाने भरतात आणि एक सल्ला हमखास कानावर पडतो: ‘बूट काढ, अनवाणी पळ, गुडघा दुखायचा थांबेल.’ सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. राहिलेला अर्धा कोणी सांगत नाही म्हणून मुले ऐन भरतीच्या तोंडावर नडगी धरून बसतात.

खरा भाग आधी. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांच्या गटाने 2010 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवले की, जन्मभर अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर किंवा पाऊल सपाट ठेवून उतरतात, तर जाड टाचेच्या बुटांतले बहुतेक जण टाचेवर. टाच आपटली की जेमतेम 50 मिलिसेकंदांत वजनाच्या दीड ते तीनपट धक्का बसतो. चवड्यावर उतरले की तो झटका जवळजवळ दिसत नाही. मात्र त्या संशोधनात दुखापती मोजलेल्याच नव्हत्या, आणि नेमके हेच पुढे सगळे विसरले.

चवड्यावर उतरल्याने भार नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. गुडघ्यावरचा कमी झाला की पोटरी, टाचेमागचा स्नायुबंध आणि बोटांमागची लांब हाडे यांच्यावरचा वाढतो. स्नायू काही आठवड्यांत सरावतो, पण स्नायुबंध आणि हाडाला महिने लागतात. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अनुभवी धावपटूंना दहा आठवड्यांत पातळ तळाच्या, प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या बुटांवर आणले. एमआरआय काढले, तेव्हा 19 पैकी 10 जणांच्या पायाच्या हाडात सूज वाढलेली होती. असे बूट विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीने, फायद्यांच्या दाव्यांवरून दाखल झालेला खटला 2014 मध्ये 37.5 लाख डॉलर देऊन, चूक कबूल न करता मिटवला. इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याचे उदाहरण तर ठरलेलेच. 1960 ला रोममध्ये ऑलिंपिक मॅरेथॉन तो अनवाणी जिंकला, हे सगळ्यांना ठाऊक असते. चार वर्षांनी टोकियोत तोच बूट घालून धावला आणि सुमारे तीन मिनिटे लवकर पोहोचला, हे कोणी सांगत नाही.

बुटाच्या आधी पाऊल कुठे पडते ते बघा. बहुतेकांचा दोष लांब टांगेचा असतो: पाय शरीराच्या बराच पुढे, गुडघा ताठ, मग टाच आपटणारच. यासाठी मुद्दाम चवड्यावर पळू नका. तसे करणारे टाच हवेतच ठेवतात आणि पोटरी दगड होते. चवडा टेकला की टाचही अलगद टेकू द्यावी. सोपा उपाय म्हणजे पावले वाढवणे. उजवे पाऊल 30 सेकंदांत किती वेळा पडते ते मोजा आणि चारने गुणा. 40 आले तर मिनिटाला 160 पावले झाली. त्याच वेगात ती 168 करा, म्हणजे पाच टक्के वाढ. टांग आपोआप आखूड होते आणि पाऊल शरीराखाली येते. पाच ते दहा टक्के वाढीनेही गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे मोजलेले आहे. सगळ्यांना मिनिटाला 180 पावलांचा एकच आकडा लावण्याची गरज नाही. उंची आणि वेगाप्रमाणे आकडा बदलतो.

आता बूट. टाच आणि चवडा यांच्याखालच्या जाडीतला फरक म्हणजे ‘ड्रॉप’. नेहमीच्या बुटात तो 10 ते 12 मिलिमीटर असतो, काहींत शून्य. दुकानात किंमत बघण्याआधी आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळी कडेबाहेर लोंबत असेल, तर तो बूट कितीही महाग असो, पायाचा नाही. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. ओल्या पावलाचा ठसा बघून ‘तुमची कमान सपाट, हाच बूट घ्या’ म्हणणाऱ्यावर फार विसंबू नका. अमेरिकी लष्कराने नव्या जवानांवर नेमकी हीच पद्धत तपासली, दुखापती काही कमी झाल्या नाहीत. शर्यतीचे 40 मिलिमीटर जाडीचे फोमचे बूट सपाट डांबरावर ठीक, घाटवळणावर आणि मुरमाड उतारावर मात्र त्यांत घोटा डगमगतो.

बदल करायचाच असेल तर ड्रॉप 12 मिलिमीटरवरून 8, मग 4, आणि प्रत्येक पायरीला सहा ते आठ आठवडे. आपण घरात अनवाणीच वावरतो, पण फरशीवर चालणे म्हणजे धावणे नव्हे. पहिल्या आठवड्यात पातळ बुटात किंवा अनवाणी 400 ते 500 मीटर, तेही एक दिवसाआड आणि पाय ताजे असताना. बाकीचे अंतर जुन्या बुटात. सोबत पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली करण्याचे 15 चे तीन फेरे, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. पोटरी जड वाटली तर चालेल. पण पावलाच्या वरच्या बाजूला किंवा नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखले, तर त्याच दिवशी धावणे बंद. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बारीक तडा दिसेलच असे नाही, म्हणून ‘एक्स-रे साफ आहे’ यावर पुन्हा पळायला जाऊ नये. मधुमेहामुळे तळवे बधिर झालेल्यांनी अनवाणी धावूच नये.

भरतीच्या 1600 मीटरसाठी तयारी करणाऱ्यांना तर महिनाच उरलेला असतो. एवढ्या वेळात बूट, ड्रॉप, पाऊल यांतले काहीही बदलू नका. ज्या बुटांत सराव केला त्यांतच धावा. आणि संपादक महोदय, अनवाणी धावपटूंची छायाचित्रे छापताना तो माणूस किती वर्षे तसा धावतो आहे, एवढी एक ओळ खाली जरूर द्यावी.

एक धावक प्रशिक्षक, सातारा